विंगेतून दिसलेले बाबा

गेल्या महिन्यात एका नाट्यसंस्थेकडून पत्र आले. पुढच्या वर्षी बाबांची जन्मशताब्दी आहे, त्या निमित्ताने स्मरणिका काढायचे ठरले आहे आणि तीत 'वडील म्हणून ते कसे होते' या विषयावर मी हजारेक शब्द लिहावेत, अशी विनंती त्यात होती. मी लगेच होकार कळवला. दोन रविवार खर्ची घालून मजकूर तयार केला आणि पाठवण्यापूर्वी एकदा सलग वाचून पाहिला, तेव्हा लक्षात आले की त्यात माझे स्वतःचे असे जवळजवळ काहीच नाही. बाबांच्या वक्तशीरपणाचा किस्सा त्यांच्या एका सहकलाकाराने सांगितलेला होता, पहिल्या प्रयोगातली फजिती कुठल्याशा जुन्या मुलाखतीतली होती, आणि आजी वारली त्या दिवशीच्या प्रयोगाची हकीकत तर मी स्वतः निरनिराळ्या व्यासपीठांवर इतक्या वेळा सांगितली आहे की ती खरी नाही, याचाच मला विसर पडला होता.

बाबांचे नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. इतरांपुढे तरी मला एकदा नुसती मुलगी म्हणून बोलता येईल.

मी वाढले तो काळ मराठी व्यावसायिक नाटकाच्या भरभराटीचा होता. गिरगावात आमच्या चाळीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर साहित्य संघ होते, दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली उभे राहिले, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली, आणि मुंबईत दूरदर्शन यायला १९७२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. त्यामुळे त्या काळच्या नटाची प्रसिद्धी ही आजच्यासारखी घरबसल्या मिळणारी गोष्ट नव्हती. ज्याने बाबांना पाहिले होते, त्याने तिकीट काढून, तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसून पाहिले होते, आणि असा माणूस रस्त्यात भेटला की त्याचा बाबांवर काही हक्क आहे, असे त्याच्या चेहऱ्यावरच दिसे. बाबांचे गाजलेले नाटक वडिलांचेच होते. मुलीला सासरी पाठवणारा कडक पण आतून हळवा बाप त्यांनी त्यात रंगवला होता आणि त्या नाटकाचे प्रयोग दहा वर्षांहून अधिक काळ चालले. म्हणजे माझ्या वडिलांना सारा महाराष्ट्र ओळखत होता तो बाप म्हणूनच. नटाच्या मुलीला याहून चमत्कारिक परिस्थिती कोणती असू शकेल, हे मला अजून सुचलेले नाही.

आमच्या घरचा आठवडा इतरांच्या घरांहून उलटा चाले. शनिवार-रविवार हे सुट्टीचे नव्हे, तर गैरहजेरीचे दिवस होते. रविवारी कधी सकाळचा, बहुतेकदा दुपारचा आणि रात्रीचा असे प्रयोग लागत. सोमवारी मी शाळेसाठी उठे तेव्हा बाबा झोपलेले असत आणि 'हळू बोल, बाबा झोपलेत' हे वाक्य मी पाढ्यांच्याही आधी शिकले असेन. रात्री दीड-दोनला दाराची कडी वाजली की आई उठून पाणी तापवी. रंग पुसायला लावलेल्या खोबरेल तेलाचा आणि मिशीच्या स्पिरिट गमचा मिळून एक वास त्यांच्याबरोबर खोलीत येई. तो वास आला म्हणजे बाबा घरी आले, एवढे मला झोपेतही कळत असे.

त्यांना जागेपणी पाहायचे तर नाटकालाच जावे लागे. मे महिन्याच्या सुट्टीत आणि एरवीही काही रविवारी दुपारचा प्रयोग सुटण्याच्या सुमारास मी आईने दिलेला डबा घेऊन शेजारच्या दादाबरोबर दादरला जाई आणि दोन प्रयोगांच्या मधला त्यांचा तास-दीड तास माझ्या वाट्याला येई. रात्रीचा प्रयोग मी विंगेत एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून पाही. विंगेतून नाटक फार निराळे दिसते. प्रेक्षकाला भिंत दिसते तिथे आपल्याला मागचे बांबू आणि दोरखंड दिसतात, प्रॉम्प्टर ओठांतल्या ओठांत पुटपुटत असतो, आणि नटाच्या चेहऱ्याची एकच बाजू आपल्या वाट्याला येते. बाबांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट दिसे, जी समोरच्या नऊशे-हजार माणसांना कधी दिसली नसेल. मुलीच्या निरोपाच्या प्रसंगात ते तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवून थांबत. ती थांबण्याची जागा नाट्यसमीक्षकांनी फार वाखाणली होती. त्या वेळी प्रेक्षकांच्या आड राहिलेल्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असे. एक, दोन, तीन, आणि सहाव्या पेराला ते वळत. दर प्रयोगाला सहाच.

त्या नाटकात त्यांच्या मुलीचे काम करणाऱ्या नट्या दहा वर्षांत दोनदा बदलल्या. त्यांपैकी पहिलीचा मी मनापासून द्वेष केला, हे आज सांगायला हरकत नाही. बाबा तिला 'बाळ' म्हणत. मला ते माझ्या नावाने हाक मारीत, तेही पूर्ण नावाने. वयाच्या नवव्या वर्षी मला नाटक आणि घर यांतला फरक कळत नव्हता असे नव्हे. उलट तो नीट कळत होता, आणि म्हणूनच त्रास होत होता. त्या तिघींपैकी एकीचा लेख या स्मरणिकेत येतो आहे. संपादकांनी तो मला वाचायला पाठवला. लेख सुरेख आहे, आणि त्यातल्या 'त्यांनी मला मुलीसारखे वागवले' या वाक्यापाशी मी, साठी उलटून गेल्यावरही, थोडी थांबले.

प्रसिद्ध माणसाच्या मुलांना नावाचा फायदा होतो असे लोक म्हणतात. तो होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या बाबतीत तो फायदा शाळेतल्या एका बाईंना नाटकाच्या पासांची आशा होती, इतपतच होता. सहावीच्या स्नेहसंमेलनात त्यांनी मला न विचारता मुख्य भूमिका दिली. मी दुसऱ्या प्रवेशात एका वाक्याशी अडखळले, ते पुन्हा म्हटले, पुन्हा तिथेच अडखळले आणि शेवटी विंगेकडे पाहून उभी राहिले. पडदा पडल्यावर त्या बाई म्हणाल्या, 'अगं, मुलगी कोणाची तू!' हा प्रश्न मी पुढे आयुष्यभर निरनिराळ्या सुरांत ऐकला. त्यातला हा पहिला. घरी येऊन मी रडत सगळे सांगितले तेव्हा बाबांनी समजूत वगैरे घातली नाही. कोणत्या वाक्याशी अडखळलीस, एवढेच विचारले. मी ते म्हणून दाखवले. ते म्हणाले, 'त्यात दोन 'आणि' आहेत. पहिल्या 'आणि'वर श्वास घेतला की दुसरा सापडत नाही. लिहिणाऱ्याची चूक आहे.' एवढे बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. स्मरणिकेच्या लेखात मी हा प्रसंग घातला नव्हता, कारण तो किस्सा होत नाही. त्यात हशा नाही, त्याग नाही. पण बाबा मला म्हणून काही बोलले, याची माझ्याजवळची नक्की अशी आठवण हीच आहे.

असा विषय निघाला की लोक हमखास हरिलाल गांधींचे उदाहरण देतात. वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जून १९४८ रोजी, याच मुंबईत त्यांचा अंत झाला. वडिलांशी झालेला त्यांचा संघर्ष सर्वांना ठाऊक आहे. पण प्रत्येक प्रसिद्ध माणसाच्या घरात शोकांतिकाच घडते, असे समजणे ही एक प्रकारची हौस आहे. आमच्या घरी काही विपरीत घडले नाही. मला अधिक जवळची वाटते ती मंगेशकर भावंडांची गोष्ट. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले तेव्हा लताबाई तेरा वर्षांच्याही नव्हत्या, आणि सर्वांत धाकटे हृदयनाथ साडेचार वर्षांचे होते. थोरलीने वडिलांसमोर बसून गाणे घेतले होते. धाकट्याला वडील भेटले असतील ते मुख्यतः घरातल्यांच्या बोलण्यातून, जुन्या ध्वनिमुद्रिकांतून आणि त्यांना ऐकलेल्या माणसांच्या तोंडून. वडील एकच, पण प्रत्येकाच्या हाती त्यांचे जे आले ते निराळे.

आणि किशोरीताई आमोणकरांचा विचार तर मी गेली कित्येक वर्षे करते आहे. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांचा जन्म १९०४ सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि मे महिन्यात पाणी ओसरले की अजूनही त्याचे अवशेष वर येतात. पतीच्या अकाली निधनानंतर मोगूबाईंनी मैफिली आणि शिकवण्यांवर तीन मुलांना वाढवले. त्या दौऱ्यांत किशोरीताई आईच्या मागे तानपुरा घेऊन बसत. प्रवास तिसऱ्या वर्गाने, उतरायचे कोणाच्या तरी घरी, आणि गाणे संपल्यावर गाणाऱ्या बाईला मिळायची ती वागणूक, हे सगळे पुढे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. स्वतः मोठ्या झाल्यावर किशोरीताई आयोजकांशी फार कडक वागत आणि लोक त्यांना लहरी म्हणत. मला ती लहर कधीच वाटली नाही. श्रोत्यांना गाणे समोरून ऐकू येते. बिदागी देताना आयोजकाचा हात कसा पुढे झाला, हे मागे तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीला दिसते. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. मुलीने त्याआधी तीस वर्षे काय पाहिले होते, याचा हिशेब त्या सन्मानात कसा येणार?

आता आजीच्या त्या प्रसंगाकडे वळते.

मराठी रंगभूमीवर प्रत्येक नामवंत नटाच्या खाती असा एखादा प्रयोग जमा असतो. आई, वडील किंवा मूल गेल्याची बातमी येते, नट डोळे पुसतो, रंग लावतो आणि प्रयोग पार पाडतो. यातले बरेच प्रसंग खरेही असतील. बाबांच्या खाती जमा असलेला प्रसंग असा सांगितला जातो: मे १९७३, रविवार, शिवाजी मंदिरात दोन प्रयोग, दुपारच्या प्रयोगापूर्वी आई गेल्याची तार येते, बाबा ती खिशात घालतात, कोणालाही कळू देत नाहीत, दोन्ही प्रयोग करतात आणि रात्रीच्या एसटीने गावी निघतात. या स्मरणिकेत आलेल्या लेखांपैकी चारांत ही हकीकत आहे. एका लेखात तर, त्या दिवशी निरोपाच्या प्रसंगात त्यांचा हात नेहमीपेक्षा अधिक वेळ डोक्यावर राहिला, असेही म्हटले आहे.

तार आली ती थिएटरवर नव्हे, घरी. दुपारी दोन वाजता तारवाला चाळीत आला तेव्हा बाबा निघून दीड तास झाला होता. तार इंग्रजीत होती. ती शेजारच्या काकांनी वाचून दाखवली. आईने तिची चौघडी केली, तांदळाच्या डब्यात खाली सारली आणि मला म्हणाली, 'बाबांना आत्ता सांगायचं नाही. मी सांगेन.' ती तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, सातवीपर्यंत शिकलेली बाई होती. नंतर अनेक वर्षांनी मी तिला विचारले की त्या क्षणी तुझ्या मनात काय आले, तेव्हा तिने जे सांगितले ते सगळे हिशेबाचे होते. आजी राजापूरकडच्या आमच्या गावी गेली होती. मे महिन्याच्या उकाड्यात मृतदेह ठेवणार नाहीत. अग्नी द्यायला थोरले काका तिथे होते. दुपारी निघाले तरी गाडी रात्री उशिराच पोचणार. इकडे दोन्ही प्रयोगांची तिकिटे संपलेली, बाबांच्या जागी उभा राहील असा कोणी नाही, प्रयोग रद्द झाले तर बाबांच्याच नव्हे, कंपनीतल्या वीस-बावीस माणसांच्या दोन-दोन नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मिळणारे पैसे, बुडणार. 'आणि ते तिथून उठून आले असते,' ती म्हणाली, 'ते थांबले नसते, म्हणून मी थांबवलं.'

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन गेले. मी बारा वर्षांची होते आणि मला सगळे ठाऊक होते. बाबा बनियनवर, गळ्याभोवती पंचा गुंडाळून जेवायला बसले आणि त्यांनी सहज विचारले, 'आई काय करतेय?' ते माझ्या आईबद्दल विचारीत होते, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मी म्हटले, 'घरी आहे.' त्यांनी दुसरी पोळी मागितली. त्या रात्री मी विंगेत बसले नाही. रंगपटात रंगभूषाकाराच्या पेटीशेजारी भिंतीला टेकून बसून राहिले. त्यामुळे त्या दिवशी हात किती वेळ डोक्यावर राहिला, हे मी पाहिलेले नाही. पण त्यांना काहीच ठाऊक नव्हते, तेव्हा तो सहा पेरांहून अधिक राहण्याचे कारण नव्हते.

रात्री आईने पाणी तापवले, त्यांना हातपाय धुऊ दिले आणि मग तार दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरून वाचली. विचारले एवढेच, 'किती वाजता आली?' आई म्हणाली, 'दोनला.' त्यावर ते काही बोलले नाहीत. पहाटेच्या एसटीने गेले आणि चौदा दिवसांनी परत आले, तोपर्यंत ती कथा तयार झाली होती. आजी रविवारी गेली आणि रविवारी दोन प्रयोग झाले, एवढ्या दोन गोष्टी कंपनीतल्या लोकांना कळल्या होत्या; मधली जागा त्यांनी आपापल्या समजुतीने भरली. मग ती वर्तमानपत्रात आली, मग सत्काराच्या भाषणांत आली. बाबांनी ती कधी स्वतः सांगितली नाही, आणि कोणी सांगत असताना कधी दुरुस्तही केली नाही.

का केली नाही, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. दुरुस्त केली असती तर 'बायकोने दडवून ठेवले' असे लोक म्हणाले असते, म्हणून ते गप्प राहिले असतील. किंवा त्यांना ती कथा आवडू लागली असेल. नटाला चांगली भूमिका नाकारणे जड जाते. दोन्ही खरे असू शकते. आईवर त्यांचा राग होता की नव्हता, हेही मला माहीत नाही. घरात त्यावर पुन्हा बोलणे झाले नाही. मात्र त्यानंतर दौऱ्यावर निघताना ते दर मुक्कामाचा पत्ता आणि जवळच्या टेलिफोनचा नंबर कागदावर लिहून आईजवळ देऊ लागले. पूर्वी ते असे करीत नसत.

१९८५ साली माझे लग्न झाले. निघायची वेळ झाली तेव्हा कार्यालयाच्या दारापाशी जी गर्दी जमली, ती मला निरोप द्यायला आली होती असे म्हणणे धाडसाचे होईल. लोकांना तो प्रसंग जवळून पाहायचा होता. बाबांनी ते पाहिले आणि सामानाचा टेम्पो नीट बांधला आहे का, ते पाहायला ते निघून गेले. 'नाटकात रडवतो आणि इथे डोळ्यांत टिपूस नाही,' असे माझ्या एका आत्याने मला ऐकू येईल अशा बेताने म्हटले. मला राग आला, आणि तो बरीच वर्षे टिकला. गाडीत बसताना मी वळून पाहिले तेव्हा ते टेम्पोच्या चालकाशी बोलत पाठमोरे उभे होते. डावा हात पाठीशी होता आणि अंगठा पेरांवरून सरकत होता. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते वळले नाहीत.

स्मरणिकेसाठी लिहिलेला लेख घेऊन मी परवा आईकडे गेले. ती आता नव्वदीला टेकली आहे, दिसत कमी असले तरी ऐकू नीट येते. तारेची खरी हकीकत लिहू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, 'नको. त्यांना शोभतं ते.' मी म्हटले, 'पण ते तू केलंस.' त्यावर ती म्हणाली, 'मी कुठे काय केलं? तांदळात ठेवली.' मग तिने चहा करायला सांगितला. स्मरणिकेतल्या लेखातून मी तो प्रसंग काढून टाकला आहे, खरा आणि खोटा दोन्ही. 'आणि'चा प्रसंग घातला आहे. इथे मी लिहिले आहे ते तिला येत्या रविवारी वाचून दाखवणार आहे, आणि ती रागावली तर काढूनही टाकीन.

संपादकांनी घरगुती छायाचित्र मागितले होते. आमच्या अल्बमांत बाबांची छायाचित्रे शंभराच्या वर असतील, पण बहुतेक सगळी नाटकांची, रंग लावलेली. घरातले एकच सापडले, मामाने काढलेले. बाबा पहाटेच्या उजेडात चाळीच्या गॅलरीतल्या नळावर कळशी भरत आहेत, खांद्यावर टॉवेल आहे, आणि त्यांच्या मागे मी दुसरी कळशी धरून उभी आहे. मी तेच पाठवले. दोन दिवसांनी फोन आला. छायाचित्र छान आहे, पण सरांचा चेहरा दिसत नाही, दुसरे काही आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाटकातले पाठवून दिले.